टिळकांवरची जुनी कात्रणे: खरे कोणाचे धरायचे?

एका विद्यार्थिनीचा प्रश्न आला आहे. लोकमान्य टिळकांच्या हयातीत आणि निधनाच्या वेळी त्यांच्याविषयी छापून आलेल्या मजकुराची तिने बरीच कात्रणे जमवली आहेत. एकात टिळक 'असंतोषाचे जनक' आहेत, दुसऱ्यात 'तेल्यातांबोळ्यांचे पुढारी', तिसऱ्यात त्याच तेल्यातांबोळ्यांना कौन्सिलाच्या दारातून परत पाठवणारे, आणि चौथ्यात जवळजवळ अवतारी पुरुष. ती विचारते, यातले खरे कोणाचे धरायचे? आणि सगळेच आपापल्या बाजूचे असतील तर हे बाड सांभाळून करायचे काय?

जुन्या मराठी पत्रांच्या बांधीव फायली चाळणे आणि त्यांच्या सूची करणे यात माझी तीस-बत्तीस वर्षे गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

'खरे कोणाचे' हा प्रश्न दुसऱ्या दिवसासाठी ठेवावा. पहिल्या दिवशी प्रत्येक कात्रणाला तीनच गोष्टी विचाराव्यात. ते कोणत्या तारखेला छापले? कोणी वाचावे म्हणून छापले? आणि छापणाऱ्याच्या डोक्यावर त्या आठवड्यात कोणता कायदा लटकत होता? यातली तिसरी गोष्ट लोक हमखास विसरतात. त्या काळच्या प्रत्येक देशी पत्राच्या कचेरीत एक अदृश्य उपसंपादक बसलेला असे, आणि त्याचे नाव होते राजद्रोहाचे कलम १२४-अ. लेखणी कुठे थांबली, कुठे वळसा घेतला, कुठे शिवाजीमहाराजांच्या तोंडून बोलली, हे त्याच्याकडे पाहिल्याशिवाय कळत नाही.

उदाहरण म्हणून १५ जून १८९७ चा 'केसरी' घ्या. मंगळवारचा अंक. दोन-तीन दिवस आधी पुण्यात शिवराज्याभिषेकाचा उत्सव झाला होता. या अंकात त्याचा वृत्तांत आहे, अफजलखानाच्या वधावर वक्त्यांनी काय म्हटले ते आहे, आणि टोपणनावाने छापलेली 'शिवाजीचे उद्गार' ही कविता आहे. शहरात प्लेग, घरोघर झडत्या, प्रांतात दुष्काळ. पुढच्या मंगळवारी, २२ जूनला, राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर प्लेग-बंदोबस्ताचा प्रमुख रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. आता १५ तारखेचा अंक तुम्ही २३ तारखेला वाचायला घेतलात तर त्यातली प्रत्येक ओळ पिस्तुलासारखी दिसू लागते. मुंबईच्या अँग्लो-इंडियन, म्हणजे इथल्या इंग्रजांच्या, पत्रांनी नेमके हेच केले. कविता आणि गोळी यांच्यामध्ये सात दिवसांचे अंतर होते. त्या अंतरालाच त्यांनी पुरावा ठरवले.

त्यावर 'केसरी'ने ६ जुलैला विचारले, 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' हा मथळा आज शाळकरी मुलांनाही पाठ असतो. पण तो लेख शांतपणे वाचला तर दिसते की त्यात खुनाचे समर्थन नाही. रोख आहे तो सगळ्या शहराला गुन्हेगार ठरवून शिक्षा लादणाऱ्या धोरणावर. मथळ्याची कीर्ती लेखाच्या कितीतरी पुढे निघून गेली. २७ जुलैला टिळकांना अटक झाली. खटला मात्र या मथळ्यावर चालला नाही, तो चालला १५ जूनच्या मजकुरावर.

न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी १४ सप्टेंबरला ज्यूरीला कायदा समजावला. कलमातला मूळ शब्द 'डिसअफेक्शन'. स्ट्रॅचींनी त्याचा अर्थ लावला, प्रीतीचा अभाव. म्हणजे सरकारवर माया नसणे हाच गुन्हा! या व्याख्येची पुढे देशभर थट्टा झाली आणि टीकाही. दुसऱ्या वर्षी सरकारने कलमच सुधारून घेतले. पण या भाषणातला दुसरा भाग सहसा कोणी सांगत नाही. स्ट्रॅचींनी ज्यूरीला हेही सांगितले होते की मजकूर कोणत्या वेळी, कोणत्या परिस्थितीत आणि कोणत्या वाचकांसाठी लिहिला गेला ते बघा. म्हणजे मी वर सांगितले तेच प्रश्न! सहा युरोपीय आणि तीन हिंदी ज्यूरर. निकाल सहा विरुद्ध तीन. शिक्षा अठरा महिने सक्तमजुरी. प्रश्न योग्य असले म्हणून उत्तर योग्य मिळतेच असे नाही, हे हा खटला वाचताना मला पहिल्यांदा कळले. शिक्षा ठोठावायच्या तयारीने संदर्भ तपासला की संदर्भही फिर्यादीचा साक्षीदार होतो. तुम्हाला शिक्षा द्यायची नाही आणि सत्कारही करायचा नाही, एवढी सवलत तुमच्याकडे आहे. ती वापरा.

दुसरी अडचण भाषांतराची. ही माझ्या कामातली रोजची डोकेदुखी, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

मुंबई सरकारचे एक खाते देशी भाषांतली पत्रे वाचून त्यांचा इंग्रजी गोषवारा दर आठवड्याला वरिष्ठांपुढे ठेवत असे. हे गोपनीय साप्ताहिक अहवाल आज अभिलेखागारात पाहायला मिळतात, आणि संशोधकांना ते फार आवडतात. का नाही आवडणार? एका जागी पन्नास पत्रे, सगळी इंग्रजीत, विषयवार लावलेली. मराठी येण्याचा प्रश्न नाही, फाटक्या पानांची धूळ नाही. पण त्या अहवालात जो 'केसरी' आहे तो सरकारला जेवढा ऐकावासा वाटला तेवढाच आहे. तीन कॉलमांच्या अग्रलेखातून आठ ओळी. विनोद गाळलेला, म्हण गाळलेली, संस्कृत वचन गाळलेले. ज्या वाक्यात 'पण' आहे त्यातला 'पण'च्या आधीचा भाग तेवढा घेतलेला. मग त्या आठ ओळी कोणीतरी पुस्तकात घेतो, पुढचा लेखक त्या पुस्तकावरून पुन्हा मराठीत आणतो, आणि टिळकांच्या तोंडी असे मराठी येते जे टिळकांनी मेले तरी लिहिले नसते. तुमच्या बाडातली दोन कात्रणे मला याच जातीची वाटतात. वाक्य वाचताना ते इंग्रजीतून परत आल्यासारखे खडबडीत लागले तर समजा, मूळ अंक शोधायची वेळ झाली.

१९०८ च्या खटल्यात टिळकांनी हाच मुद्दा कोर्टात मांडला. ३० एप्रिलला मुझफ्फरपूरला बाँब फुटला, त्यात केनेडी मायलेकी मेल्या. १२ मेच्या 'केसरी'त 'देशाचे दुर्दैव' आले. ८ जूनला सरकारने स्फोटक द्रव्यांचा आणि वृत्तपत्रांचा असे दोन कायदे एका बैठकीत मंजूर केले आणि ९ जूनच्या अंकात 'हे उपाय टिकाऊ नाहीत' हा लेख आला. खटला या दोन लेखांवर. टिळकांनी स्वतःची बाजू स्वतः मांडली, एकवीस तासांहून अधिक वेळ. त्यातला मोठा भाग भाषेवर आहे. कोर्टाच्या भाषांतरकाराची उलटतपासणी त्यांनी एखाद्या मास्तराने वही तपासावी तशी घेतली. त्यांचे म्हणणे असे की इंग्रजी राजकारणातल्या कल्पनांना मराठीत अजून ठरीव शब्द नाहीत, आम्ही ते घडवतो आहोत. अशा शब्दाला तुम्ही सगळ्यांत जहाल इंग्रजी शब्द लावता आणि मग त्या इंग्रजी शब्दाबद्दल मला जबाबदार धरता. ज्यूरीतल्या सात युरोपियनांना मराठीचा गंध नव्हता. त्यांनी जो लेख दोषी ठरवला तो त्यांच्या हातातला इंग्रजी लेख होता.

आणखी एक गोष्ट त्यांनी केली. आपले लेख सुटे वाचू नका, ते वादातले उत्तर आहेत, असे म्हणून त्यांनी इतर पत्रांतला मजकूर कोर्टापुढे ठेवला. बाँबवर काय उपाय करावा यावर अलाहाबादच्या 'पायोनियर'सारखी पत्रे दडपशाहीची भाषा बोलत होती, आणि 'केसरी' त्यांना उत्तर देत होता. उत्तर तेवढे वाचले आणि प्रश्न दिसला नाही तर माणूस हवेत हातवारे करतोय असे वाटते. न्यायमूर्ती दावर यांनी २२ जुलैला सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा दिली. हेच दावर १८९७ मध्ये वकील म्हणून टिळकांच्या जामिनासाठी उभे होते. हे जाता जाता.

शिक्षेनंतर मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला. त्यावर परदेशात राहणाऱ्या लेनिनने त्याच वर्षी लिहिले, आणि त्याला त्यात हिंदी कामगारवर्ग जागा झालेला दिसला. दोन वर्षांनी लंडनच्या 'टाइम्स'चे व्हॅलेंटाइन चिरोल यांना त्याच टिळकांत ब्राह्मणी कट दिसला. दोघांनाही टिळक भेटले ते भाषांतरांतून. ज्याला जे शोधायचे होते ते त्याला सापडले. या दोन्ही लेखनांतून टिळक थोडेच कळतात. लिहिणारा मात्र पुरता कळतो. म्हणूनच ती फेकून देऊ नयेत.

'असंतोषाचे जनक' ही पदवी याच चिरोलसाहेबांची देणगी. त्यांची लेखमाला १९१० मध्ये पुस्तकरूपाने आली. तिच्यात रँडचा खून, नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांचा खून, ताई महाराज प्रकरण (एका सरदार घराण्यातल्या विधवेच्या दत्तकाचा वाद), सगळे टिळकांच्या खात्यावर मांडले होते. मूळ शब्द 'अनरेस्ट'. त्याला मराठीत अस्वस्थता म्हणता आले असते, अशांतता म्हणता आले असते. रुळला तो 'असंतोष', आणि रुळता रुळता शिवीची बिरुदावली झाली. आज हेच शब्द पुतळ्याखाली कोरलेले असतात आणि त्यांच्याखाली चिरोलचे नाव नसते. खुद्द टिळकांना यात बिरुद दिसले नव्हते. त्यांनी बेअब्रूची फिर्याद लावली, त्यासाठी १९१८ मध्ये विलायतेला गेले. टिळकांच्या बाजूने सर जॉन सायमन, चिरोलच्या बाजूने सर एडवर्ड कार्सन. १९१९ च्या फेब्रुवारीत टिळक हरले आणि खर्चाच्या ओझ्याखाली आले. ज्या ताई महाराज प्रकरणावरून चिरोलने चिखल उडवला होता, त्यात प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या शेवटच्या अपील कोर्टाने, १९१५ मध्येच टिळकांच्या बाजूने निकाल दिलेला होता. लंडनच्या ज्यूरीपुढे त्याचा फारसा उपयोग झाला नाही.

आता तुमच्या त्या तिसऱ्या कात्रणाकडे येतो. मराठी वाचकाला चिरोलवर रागावणे सोपे असते. अवघड असते ते मराठीतल्याच टीकाकारांना ऐकून घेणे. टिळकांचे नाव निघाले की विरोधी मजकूर 'सरकारधार्जिणा' म्हणून बाजूला सारायची आपल्याकडे जुनी खोड आहे. आगरकरांना काय म्हणाल मग? 'केसरी'चे पहिले संपादक तेच. कोल्हापूरच्या दिवाणांनी लावलेल्या बेअब्रूच्या खटल्यात टिळकांबरोबर डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस काढलेले. मतभेद झाले, 'केसरी' सोडला, १८८८ मध्ये 'सुधारक' काढला आणि संमतिवयाच्या वादात टिळकांवर जे लिहिले ते कोणत्याही इंग्रजाने लिहिले नव्हते इतके झोंबणारे होते. १८९१ च्या कायद्याने मुलीच्या शरीरसंबंधाच्या संमतीचे वय, लग्न झालेले असले तरी, दहावरून बारा झाले. परक्या सरकारने आमच्या घरात हात घालू नये, ही टिळकांची भूमिका. दहा वर्षांच्या मुलीचे काय, हा आगरकरांचा प्रश्न. माझे मत विचाराल तर या वादात आगरकर बरोबर होते, आणि टिळकांचे युक्तिवाद वाचताना मला आजही अवघडल्यासारखे होते.

पुढे वेदोक्त प्रकरण, म्हणजे शाहू महाराजांच्या घरची धर्मकृत्ये वेदमंत्रांनी करायची की नाही हा वाद, आले, 'केसरी'ने शाहू महाराजांविरुद्ध बाजू घेतली, आणि ब्राह्मणेतर पत्रांनी टिळकांचा जो हिशेब मांडायला घेतला तो शेवटपर्यंत मिटला नाही. मुकुंदराव पाटलांचा 'दीनमित्र' १९१० पासून नगर जिल्ह्यातल्या खेड्यातून निघत असे. वालचंद कोठारींचा 'जागरूक' १९१७ चा. या पत्रांचे वाचक शेतकरी, कारागीर, खेड्यातले शाळामास्तर. त्यांना सरकार लांबचे होते आणि भटजी-सावकार दारातले. त्यांच्या टीकेला चिरोलच्या मापाने मोजणे हा अन्याय आहे.

तुमच्या तिसऱ्या कात्रणाचे मूळ असलेले, बेळगाव जिल्ह्यातल्या अथणीचे भाषण त्याच १९१७ सालचे. ऑगस्टमध्ये भारतमंत्री माँटेग्यूंची टप्प्याटप्प्याने जबाबदार राज्यपद्धती देण्याची घोषणा झाली होती, हिवाळ्यात ते स्वतः इकडे येत होते, आणि ब्राह्मणेतर पुढारी कौन्सिलात राखीव जागा मागत होते. अशा वेळी, तेली-तांबोळी-कुणब्यांनी कौन्सिलात जाऊन काय करायचे आहे, अशा अर्थाचे टिळकांचे वाक्य अथणीच्या सभेतले म्हणून प्रसिद्ध झाले. ज्यांना विरोधक हिणवून 'तेल्यातांबोळ्यांचे पुढारी' म्हणत, त्यांच्याच तोंडी तेल्यातांबोळ्यांविषयी हे वाक्य! म्हणून ते इतके टोचले आणि टिकले. तुमच्याकडच्या दोन कात्रणांत ते दोन प्रकारे आले आहे: एकात 'नांगर हाकायचा' आहे, दुसऱ्यात तराजू. शब्द हलतात याचा अर्थ वाक्य बनावट आहे असा काढू नका, आणि नेमके हेच शब्द होते असेही छातीठोक म्हणू नका. भाषण होते. ऐकणाऱ्याने टिपले, छापणाऱ्याने नीट केले, विरोधकाने धार लावली, भक्ताने बोथट केले. तुमच्या नोंदीत 'अमुक पत्राने अमुक तारखेला असे छापले' एवढेच लिहा. त्या वाक्याने पुढे काय काय झाले याला मात्र भरपूर पुरावा आहे.

कधी कधी न छापलेला मजकूरही भाष्य असतो. ३१ जानेवारी १९२० ला डॉ. आंबेडकरांचा 'मूकनायक' निघाला. त्याची जाहिरात पैसे देऊनही 'केसरी'ने घेतली नाही, असे डॉ. आंबेडकरांनी पुढे स्वतः लिहिले. 'केसरी'च्या त्या महिन्यांच्या फायलीत हा नकार तुम्हाला कुठेच दिसणार नाही, कारण नकार छापत नाहीत. दुसऱ्याच्या पत्रातूनच तो कळतो. इथे एक सावधगिरी. तेव्हा 'केसरी'च्या संपादनाचे रोजचे काम टिळकांच्या हाती नव्हते. नकार 'केसरी'चा होता, एवढे म्हणता येते. टिळकांनी स्वतः तो दिला असे म्हणायला वेगळा पुरावा हवा. आणि टिळकांच्या हयातीत त्यांच्या पत्राचे दार असे बंद होते, ही गोष्ट या सावधगिरीने पुसली जात नाही.

'केसरी म्हणजे टिळक' या समीकरणाने मीही एकदा तोंडावर आपटलो आहे. अग्रलेख आणि स्फुटे बिनसहीची असत. तरुणपणी एका दिवाळी अंकात मी एक झणझणीत स्फुट 'टिळकांची शैली पाहा' म्हणून मोठ्या कौतुकाने उद्धृत केले होते. पंधरा दिवसांनी एका वृद्ध वाचकाचे पोस्टकार्ड आले. त्यात एकच ओळ होती: 'स्फुट १९०९ चे आहे, टिळक तेव्हा मंडालेस होते.' ते कार्ड अजून माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे.

तुमचे चौथे कात्रण, अवतारी पुरुषाचे, बहुतेक ऑगस्ट १९२० चे असावे. १ ऑगस्टला मुंबईच्या सरदारगृहात टिळक गेले आणि पुढचे कित्येक आठवडे पत्रे मृत्युलेखांनी भरून वाहिली. मृत्युलेखात तपशील शोधू नका, तिथे लोक दुःख करत असतात. एक गोष्ट तेवढी बघा: जे पत्र आदल्या महिन्यापर्यंत विरोधात होते त्याने काय लिहिले? तिथे भाषा अडखळते, आणि अडखळलेल्या भाषेत बरेच सापडते. आगरकर १८९५ मध्ये गेले तेव्हा खुद्द टिळकांवर ही वेळ आली होती. त्यांनी 'केसरी'त आगरकरांवर लिहिलेला लेख याच नजरेने वाचून बघा.

राहिला 'सगळेच पक्षपाती तर उपयोग काय' हा प्रश्न. १९१६ मध्ये बेळगाव आणि नगरच्या भाषणांवरून टिळकांकडून वर्तन चांगले ठेवण्याचा वीस हजारांचा जातमुचलका (लेखी हमी) मागितला गेला. बॅरिस्टर जिनांनी हायकोर्टात त्यांची बाजू मांडली. पोलिसांच्या लघुलेखकांनी टिपलेली भाषणे पुढ्यात होती. न्यायमूर्ती बॅचलर आणि शहा यांनी भाषणे तुकड्यांनी न वाचता अखंड वाचली, आणि मुचलक्याचा हुकूम रद्द केला. वक्ता तोच, कलमाचा आधार तोच, सरकारही तेच. वाचायची रीत बदलली होती.

तेव्हा कात्रणे टाकू नका, पण ती कात्रणे म्हणून ठेवूही नका. प्रत्येकाच्या मागे अंकाची तारीख, पान आणि कॉलम पेन्सिलीने लिहा. मग ग्रंथालयात जाऊन त्या अंकाच्या आधीचा एक आणि नंतरचा एक, असे तीन अंक एकदम मागवा. ग्रंथपाल कुरकुर करतील, बांधीव फाईल जड असते. सुरुवात अथणीच्या कात्रणापासून करा, कारण त्याच्यावर तारीखच नाही.